घरापुढचे सव्वीस नग

मंगळवार, ता. ६ मे २००३

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. ओट्यावर बसून नारळाच्या शेंडीने बूट घासत होतो. तेवढ्यात नाना, म्हणजे माझे वडील, दुधाच्या गाडीतून उतरले. खांद्यावर पत्र्याची झारी. तिला बूड नाही, तोटी नाही. आत चिखल, आणि चिखलात मेलेला मासा. मासा बोटाएवढा, वास म्हशीएवढा. माझ्या घासलेल्या बुटाशेजारीच त्यांनी ती टेकवली आणि असे हसले, की जणू पेढ्याचा पुडा आणला.

"वळखली का रं भरत्या?"

मी म्हटले, "मासा का झारी?"

आमचे गाव धरणात गेले तेव्हा मी आठवीत होतो. शाळा तिथेच बुडाली. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुना मळा उघडा पडतो आणि नानांच्या अंगात येते. दरवर्षी एसटीने जातात, देवळात झोपतात आणि तिथली घाण उचलून आणतात. यंदा दुष्काळ आहे, पाणी कधी नव्हे इतके खाली गेले आहे, म्हणून हा तिसरा फेरा. पुनर्वसनात मिळालेली घरापुढची वीस गुंठे जागा या मालाने भरली आहे. जागा अशी, की हातभर खणले की कातळ. नानांनी दोनदा कलमे लावली, दोन्हीदा वाळून काटक्या झाल्या. आता तिथे मोटेचे गंजलेले चाक, फुटके रांजण, इंजिनाचे जळके डोके, दांडा नसलेली कुदळ. एक इथे, एक तिथे. रीत नाही, ढंग नाही. वसाहतीतली पोरे आमच्या घराला भंगारवाडा म्हणतात. मी आज मोजले. झारी धरून पंचवीस नग.

बुधवार, ता. ७ मे

नानांच्या नखांत गंज असतो आणि त्याच हाताने ते भाकरी कुस्करतात. मी पाट फिरवून भिंतीकडे तोंड करून जेवलो. आई म्हणाली, "भित्ताड काय वाढतंय का तुला?"

संध्याकाळी रोजच्यासारखे नाना पाण्याचा तांब्या घेऊन फिरले. प्रत्येक नगापाशी थांबतात आणि बुडाशी थोडे पाणी ओततात. गंजलेल्या लोखंडाला पाणी! आठवड्यातून दोनदा टँकर येतो आमच्याकडे.

शुक्रवार, ता. ९ मे

गेणभाऊ आले होते. दूरचे मामा लागतात, लग्ने जमवतात आणि जमलेल्या प्रत्येक लग्नात टोपी-उपरणे घेतात. गेल्या महिन्यात आम्ही आळे गावात जी मुलगी पाहिली, तिच्याकडून होकार आहे. मात्र मुलीचे वडील रखमाजी एकदा घर पाहणार. रविवार, ता. १८.

मी नारायणगावला अडतीवर वजने लिहितो. चूक करत नाही. मालक म्हणतो, भरतचे अक्षर म्हणजे छापखाना. पण सोयरिकीला अक्षर कोण बघतो? गेणभाऊ फाटकातून बाहेर पडताना इंजिनाच्या डोक्याला अडखळले. म्हणाले, "चांगदेवराव, पावणं येऊस्तवर ह्ये जरा आवरा राव. पोरगी द्यायला येणारेत ते, पंक्चर काढायला न्हाई."

नाना हसले. माझ्या कानापर्यंत रक्त चढले.

रविवार, ता. ११ मे

सुट्टीच्या दिवशी नानांनी मला धरणावर नेले. विहिरीवरचे थारोळे आणायचे होते. मोट जिथे रिकामी होते, तिथली दगडी कुंडी. ती अर्धी फुटलेली, तरी दोन माणसांनी हलेना.

तिथली घाण लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा जाण्याची बुद्धी होणार नाही. गुडघाभर चिखल, वरून पापडासारखा फुटलेला, आत लोण्यासारखा. शिंपले पायाला कापतात. कुजलेल्या मढ्यासारखा वास. मळ्यातल्या झाडांची काळी खोडे तेवढी उभी, शेवाळ वाळून त्यांच्यावर केस आल्यासारखे दिसते. नाना फाटकातून शिरावे तसे एका ठिकाणाहून आत गेले आणि तिथेच वहाणा काढल्या. चिखलात वहाणा काढणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मग एका खोडापासून विहिरीपर्यंत पावले मोजत गेले. बत्तीस, तेहतीस, चौतीस. देव जाणे काय मोजतात. मी अडतीवर दिवसभर मोजतो, पण निदान माल मोजतो.

एका खोडावर हात ठेवून म्हणाले, "ह्ये पपनस."

मी म्हटले, "हं."

मला त्या मळ्याचे फारसे आठवत नाही. गांधीलमाशी चावली होती ते आठवते. शेण गोळा करायचो ते आठवते. पपनसाची फोड सोलून आई मीठ-तिखट लावून द्यायची, गुलाबी असायची, ते आठवले आणि तोंडाला पाणी सुटले. ते मळमळीचे असावे.

थारोळे दुधाच्या गाडीतून घरी आणले. नानांनी पुन्हा पावले मोजून ते अंगणाच्या मधोमध, जिथे रखमाजींची गाडी उभी राहायची, तिथेच बसवले. सव्वीस नग.

मंगळवार, ता. १३ मे

सकाळी नाना बोरी बुद्रुकला गेले. तिथे ठमाबाई आत्याच्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. शनिवारी येतील. मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते, पण झाला.

दुपारी जुन्नरहून पीरमहंमद बागवान यांना बोलावले होते. साठीचे गृहस्थ, भंगाराचा धंदा. आडनाव बागवान, आणि पूर्वी त्यांच्या घरचे फळांचाच धंदा करत, आमच्या भागातल्या बागा मोहोरावरच बोली करून घेत. फाटकात आले आणि वहाणा काढल्या. मला वाटले, आई ओट्यावर आहे म्हणून. मग सरळ ओट्याकडे न येता डावीकडे वळले, मोटेच्या चाकाला वळसा घातला, पुढे मोकळ्या जागेत उगाच मान खाली घालून चालले, झारीपाशी उभे राहिले आणि वर हात करून हवेतली काही तरी वस्तू चाचपली. मला भीती वाटली. उन्हाचा परिणाम असेल म्हणून पाणी दिले.

पाणी पिऊन म्हणाले, "कुणी लावलं हे?"

"लावलं नाही, टाकलंय. नानांनी."

"टाकलंय!" ते हसले. "बरं. भरतशेट, हा माल मी घेत नाय."

"भाव कमी करा हवं तर."

"भावाचा सवाल नाय. चांगदेवभाऊ आले की सांगा, पीरू येऊन गेला. एक नंबर केलंय म्हणावं."

धंद्यातली माणसे भाव पाडण्यासाठी काय काय नाटके करतात, ते मी अडतीवर रोज पाहतो. आई मात्र पदर तोंडाला लावून आत गेली.

गुरुवार, ता. १५ मे

रजा घेतली. सकाळी सात ते दुपारी चार, एकट्याने. विकले जात नाही, तर निदान नीट लावावे. लोखंड एकीकडे, दगड एकीकडे, मातीची भांडी एकीकडे, पत्रा एकीकडे. चार ढीग कुंपणाच्या कडेला. रांजणात बेडूक होता, फुगलेला, तो माझ्या मनगटावर मुतला. तीनदा साबण लावला तरी वास जाईना. थारोळे ढकलायला शेजारचे दोघे आले. प्रत्येक ढिगापुढे एकेक फरशीचा तुकडा ठेवून त्यावर खडूने लिहिले: लोखंड. दगड. माती. पत्रा. मग सगळी जागा झाडली. आमची जागा इतकी मोठी आहे हे मला माहीतच नव्हते. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत गेलो, कुठे वळावे लागले नाही. फार बरे वाटले.

सुरू करण्याआधी आई एकदाच म्हणाली, "नानांना इचारलंस का?" मी म्हटले, विचारले असते तर हो म्हणाले असते का? ती चुलीपुढे जाऊन बसली. संध्याकाळी पाण्याला जाताना मात्र ती नेहमीसारखी वळसा घालून गेली. आता वळसा कशाला? सवय.

शनिवार, ता. १७ मे

नाना साडेपाचच्या एसटीने आले. फाटकात उभे राहिले. बराच वेळ. पाय पुढे टाकीनात. जणू फरशी ओली आहे आणि कोणी ओरडेल.

फरशीच्या तुकड्यांकडे बोट करून त्यांनी विचारले, "काय लिव्हलंय?" नानांना वाचता येत नाही.

मी वाचून दाखवले.

"बरं केलंस," म्हणाले. "सोच्छ झालं."

मला हायसे वाटले. मी बोलणी खाण्याची तयारी ठेवली होती. थोड्या वेळाने ते तांब्या घेऊन बाहेर आले, पायरीवर उभे राहिले, इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि तांब्यातले पाणी स्वतःच पिऊन आत गेले. जेवले नाहीत. आत्याकडे उशिरा जेवण झाले असेल.

रविवार, ता. १८ मे

पाहुणे आले, गेले. पोहे चांगले झाले होते. रखमाजी जाडजूड, बोलके, आळ्याला त्यांचे कोंबड्यांचे दोन शेड आहेत. ओट्यावरून त्यांनी सगळी जागा डोळ्यांनी मापली.

"जागा लई झ्याक हाय. सपाट. हितं तीन हजार पक्ष्यांचा शेड बसंल. निम्मं भांडवल मी घालतो, जावई हिशेब बघंल. अक्षर चांगलंय म्हणं?"

गेणभाऊ म्हणाले, "छापखाना!"

"दिवाळीच्या आत शेड, तुळशीनंतर लगीन. काय चांगदेवराव?"

सगळ्यांनी नानांकडे पाहिले. नाना म्हणाले, "पोराला बरं वाटंल तसं."

"आन् ते ढिगारे?"

"भंगार आहे, उद्या जाईल," मी म्हटले. नाना उठले, चूळ भरायला म्हणून बाहेर गेले ते पाहुणे जाईपर्यंत आले नाहीत. मला राग आला. चारचौघांत असे उठून जायचे असते का?

सगळे मनासारखे झाले. तरी तीन हजार कोंबड्यांचा वास डोळ्यांपुढे येतो, असे लिहिणे चूक आहे, वास नाकापुढे येतो. पण येतो.

सोमवार, ता. १९ मे

काल पाहुणे गेल्यापासून नाना बाजेवरून उठत नाहीत. ताप नाही. तोंड भिंतीकडे.

मी सकाळीच अडतीवरून पीरमहंमद यांना फोन केला होता, की असेल त्या भावात न्या, पाहुण्यांना शब्द दिला आहे. संध्याकाळी ते टेम्पो घेऊन आले. फाटकात वहाणा काढायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"आरं, ह्ये काय केलंस?"

"नीट लावलं."

"नीट? बाग तोडला तू सगळा! पपनस कुठाय?"

मला कळेना. त्यांनी माझे मनगट धरले आणि मोकळ्या जागेत ओढत नेले. "हितं झारी व्हती. पपनसाखाली असायची ती, तुझी आजी पाणी घालायची. हितनं जाताना मान वाकवायला लागायची, फांदी कपाळात बसायची. मोटंचं चाक म्हंजी रामफळ. त्या अंगाला शेंदऱ्या आंबा, खोबऱ्या आंबा. माझा बाप बोली करायचा आन् मी तुमच्या बागंत पाट्या उचलायचो. परवा आलो तर चाळीस वर्सांनी पाय आपोआप वळले रे. बापानं तुझ्या पावलं मोजून बाग उचलून आणला हितं, आन् तू त्याचं लोखंड येगळं केलंस!"

ते आत गेले. मी दाराशी उभा होतो.

"चांगदेवभाऊ, उठा. परत लावू."

नाना भिंतीकडे बघूनच म्हणाले, "जाऊ दे पीरू. पोराचं लगीन हाय. आन् मला बी आता ध्यानात न्हाई. तितं बघून मोजायचं, हितं येऊन ठिवायचं. डोस्क्यात कुटं ठिवलंय."

मी आईला विचारले, तू का बोलली नाहीस? ती चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "मला बी सून पायजे व्हती."

टेम्पो रिकामा परत गेला. 

बुधवार, ता. २१ मे

पुन्हा रजा, बिनपगारी. मी, नाना आणि पीरमहंमद धरणावर गेलो. नानांना मी उठवले. म्हटले, पावसाला अजून तीन आठवडे आहेत, सगळे पुन्हा मोजू, या वेळी मी लिहून घेतो, शंभर हात दोरी आणली आहे. ते माझ्याकडे नीट न बघता उठले आणि टोपी घातली.

मळ्यात जेसीबी उभा होता. दुष्काळ आहे म्हणून गाळ उपसायची परवानगी मिळाली आहे, ट्रॅक्टर भरभरून शेतकरी आपापल्या रानात नेत आहेत. चुकीचे काही नाही. गाळ सोन्यासारखा असतो, हे मलाही ठाऊक आहे. पण निम्म्या मळ्याचा खड्डा झाला होता. त्यात हिरवे पाणी, पाण्यावर मेलेले चिलापी मासे, माश्या. खोडे उपटून एका बाजूला रचली होती. मोठी खाली, बारीक वर. अगदी नीट. ती रचलेली पाहिली आणि मला जी किळस आली, ती माशांची नव्हती.

ड्रायव्हर म्हणाला, "जळणाला पायजेत का आबा? न्या की फुकट."

नाना त्या ढिगापाशी गेले, एकेका खोडाचा वास घेऊ लागले. दहा वर्षे पाण्यात कुजलेल्या लाकडाला कसला वास? पण दोन ओळखली. म्हणाले, "ह्यो शेप्या आंबा. ह्यो चिक्कू." मात्र ती कुठे उभी होती, हे कुठून कळणार?

जागेवर उरली होती दहा खोडे आणि विहीर, मिळून अकरा. त्यांचे अंतर मी दोरीने मोजून लिहिले. नाना पावलाने, मी हाताने. एकदा घसरून कोपरापर्यंत हात चिखलात गेला, आणि आत काही तरी हलले. धुतले नाही. मोजत राहिलो.

येताना एसटीत कंडक्टर म्हणाला, "तुमी तिघं मागच्या शिटावर बसा बरं."

रविवार, ता. २५ मे

सकाळपासून मांडामांड. अकरा नग दोरीवरून बसले. बाकीच्यांवरून नाना आणि पीरमहंमद यांचे भांडण.

"शेप्या विहिरीच्या वरच्या अंगाला."

"नाय चांगदेवभाऊ, खालच्या."

"बाग कुणाचा? तू तर चोरून खायाचास."

"चोरून खाल्ला म्हणूनच ठावं हाय! इकत घेतलेला आंबा कुठल्या झाडाचा, ह्ये कोण ध्यानात ठिवतो?"

नाना हसले. आठवड्यात पहिल्यांदा. शेप्या खालच्या अंगाला बसला.

असे चार लागले. दुपारी आई हात पुसत बाहेर आली, थारोळ्यापासून तिरपी चालत गेली आणि एका जागी उभी राहिली. "हितं चिक्कू. ह्याला भरत्याचा पाळणा बांधला व्हता." मग पाच पावले पुढे. "आन् हितं लिंबू. सासूबाई बोलल्या की मी हितं येऊन रडायची." मी तिला इतकी वर्षे वळसा घालताना पाहत होतो. आता त्या दोन जागी एक कुदळ आणि एक फुटका रांजण ठेवला आहे.

सतरा झाले. पुढचे कोणालाच आठवेना. नाना फणसाची जागा शोधत संध्याकाळपर्यंत फिरले. दगड उचलायचे, ठेवायचे, लांब जाऊन बघायचे, मान हलवायचे. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. खोटं झाड लावाया नगं." उरलेले नऊ नग ओट्याखाली ढकलले.

सगळे पुन्हा पहिल्यासारखेच घाण दिसते. हे मी खरे लिहितो. माझ्या डोळ्यांना तिथे झाड दिसत नाही, गंज दिसतो, आणि रांजणात बेडूकही परत आला आहे. तरी रात्रीच्या आत पोस्टकार्ड लिहून टाकले. तीनदा खाडाखोड झाली, चौथे बरे आले. रा. रा. रखमाजी यांना सा. न. वि. वि. घरापुढील जागेत आमची बाग असल्याने शेड करता येणार नाही, तरी क्षमा असावी.

गुरुवार, ता. २९ मे

गेणभाऊ आले, पण ओट्यावर चढले नाहीत. फाटकाबाहेरूनच बोलले.

"काय लिव्हलंस रे त्या कार्डावर? रखमाजी इचारतोय, बाग कुठाय? मी तर बघून आलो, नळकांडी हायती, म्हणं. आरं, भंगारापायी सोन्यासारखी पोरगी घालवलीस! आता हुडक दुसरी, एखाद्या लोहाराची."

सोयरीक मोडली. मुलगी मला आवडली होती. तिच्या हाताला पोळल्याचा डाग होता आणि चहा देताना तो ती लपवत होती. हे कोणाला सांगितलेले नाही. उद्या पुन्हा अडत. मालकाने दोन दिवसांचा पगार कापला आहे.

मी आत येत होतो, तेव्हा नाना झारीपाशी होते. मला म्हणाले, "तितनं नगं, वाकून ये." मी वाकलो. वैताग आला, पण वाकलो.

झालेला खर्च:
पाहुण्यांचे पोहे, पेढे – ११८.००
खडू, एक पेटी – ६.००
काथ्याची दोरी, शंभर हात – ८५.००
एसटी, तीन माणसे, जाऊन-येऊन – ६६.००
चहा, भजी – २४.००
पोस्टकार्डे, चार – २.००
टेम्पोच्या डिझेलपैकी दिले – १००.००
एकूण रुपये ४०१.००

देणे:
पीरमहंमद बागवान यांना, डिझेलचे राहिलेले – १६०.००
नानांना – झाडे ९